जमनीबाईची लघवीची गोळी

फराळाचं ताट पुढ्यात घेऊन अंक चाळणाऱ्यांना आधीच सांगते: या लेखात लघवी पुष्कळ आहे. ज्यांना चालणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं, मला राग नाही. मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे आणि तो सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं हृदयाचे पेशंट पाहिलेत, त्यावर काहीतरी लिहा." हृदय म्हटलं की लोकांच्या मनात काहीतरी हळवं येतं. माझ्या डोळ्यांपुढे येते ती खाटेच्या कडेला लटकवलेली, नळीतून थेंबाथेंबाने भरणारी प्लास्टिकची पिशवी. माझ्या नोकरीत मला सर्वांत जास्त आनंद कशाने झाला असेल, तर ती पिशवी भरलेली बघून. हे मी घरच्यांना सांगितलं तेव्हा मुलीने हात जोडले. जेवायला बसल्यावर तरी हा विषय नको, म्हणाली.

मी फिजिशियन. नंदुरबार जिल्ह्यात सरकारी नोकरी करता करता केस पांढरे झाले आणि अलीकडेच निवृत्त झाले. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे अजून चांगली माणसं काम करतात आणि माझ्या तोंडाळपणाचा त्रास त्यांना होऊ नये. माझं माहेर तापीकाठचं, शेतकऱ्याघरचं. घरी अहिराणी, शाळेत मराठी, पुढे कॉलेजात इंग्रजी. डोंगरातली बोली मात्र मला मोडकीतोडकीच येते. वळवी सिस्टर त्या बोलीतच वाढलेल्या आणि माझ्याच वॉर्डात, म्हणून माझं निभावलं.

आता हा आजार काय ते सांगते. हृदय म्हणजे पंप. पंप थकला की पाणी पुढे जात नाही, मागे तुंबतं. आधी पायांत येतं, मग पोटात, आणि शेवटी फुप्फुसात. बऱ्याचदा हे महिनोन्महिने हळूहळू चालतं आणि एक दिवस अचानक बिघडतं. असा पेशंट आडवा आणताच येत नाही. त्याला बसलेलाच उचलून आणतात. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर ओढलेले, डोळे विस्फारलेले. एक वाक्य धड पुरं करता येत नाही. कोरड्या जमिनीवर बुडणारा माणूस कसा दिसतो हे ज्यांनी पाहिलं नाही, त्यांनी पाहू नये.

उपचार ऐकायला सोपा वाटतो. खाटेची डोक्याकडची बाजू उंच करायची, पाय खाली सोडून बसवायचं, ऑक्सिजन लावायचा, गरज पडली तर तोंडावर घट्ट मास्क बांधून हवा दाबाने आत ढकलायची. शिरेतून लघवीचं इंजेक्शन द्यायचं आणि वाट बघायची. पिशवीत धार पडू लागली की समजायचं, माणूस परत येतोय. चार-पाच दिवसांत सूज ओसरते, वजन उतरतं, तो आडवा होऊन झोपतो आणि घोरतो. माझ्या वॉर्डातल्या घोरण्याची तक्रार मी कधी ऐकून घेतली नाही.

घरी जाताना त्याला बाकीच्या औषधांबरोबर एक छोटी पांढरी गोळी मिळते. तिला सगळे लघवीची गोळीच म्हणतात. ती घेतली की तास-दोन तासांत पळावं लागतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा पळावं लागतं. तिचं कामच ते. साचू पाहणारं पाणी रोजच्या रोज बाहेर काढायचं. ती चुकली की पाणी पुन्हा चढू लागतं.

आमच्या भागात या आजाराचा पहिला शत्रू म्हणजे सलाईनची बाटली. अशक्तपणा आला की बाटली, अंग दुखलं की बाटली. गल्लीत दुकान टाकून बसलेले बाटलीवाले खिळ्याला बाटली अडकवतात आणि पेशंटलाही आपल्याला काहीतरी भक्कम मिळाल्यासारखं वाटतं. ज्याच्या फुप्फुसात पाणी आहे त्याच्या शिरेत आणखी पाणी सोडायचं, म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर घागर रिकामी करायची. शहाद्याकडचे एक आप्पा असेच आले होते. पपईचे बागायतदार, फेट्यातला माणूस. गावात दोन बाटल्या लावून घेतल्या आणि निळे पडले. आमच्याकडे इंजेक्शनं देऊन पिशव्या भरल्या, दम बसला, तर तिसऱ्या दिवशी माझ्यावरच रुसले, बाटली का लावत नाही म्हणून.

"बाई, तुम्ही नुसतं काढीच ऱ्हायनात. भरशात कव्हय?"

मी म्हटलं, "आप्पा, तुमना आंगमा आधीच पानी भरेल शे. आखो कोठे भरू?"

अंगात आधीच पाणी भरलंय, आणखी कुठे भरणार, हे त्यांना पटलं नाही, पण सुनेला पटलं. आप्पा घरी गेले, गोळी सुरू झाली, आणि मुलांनी आप्पांच्या खोलीला लागूनच संडास-बाथरूम बांधून घेतलं. आप्पा पुढे कितीतरी वर्षं जगले. दर खेपेला तपासायला आले की बाटली मागायचे आणि मी दर खेपेला नाही म्हणायचे. आप्पांचा हा किस्सा मी विनोद म्हणून पुष्कळ ठिकाणी सांगितला. त्यातलं ते खोलीला लागून बांधलेलं बाथरूम हा खरा उपचार होता, हे मात्र मला जमनीबाई भेटेपर्यंत समजलं नव्हतं.

जमनीबाई मोलगीच्याही पलीकडच्या एका पाड्यावरची. जीपमधून उतरल्यावरही बराच वेळ चालावं लागे. लहानपणी घसा धरून, सांधे सुजून ताप आला असणार. त्या तापाने हृदयाची झडप खराब होते. वेळेवर साधं पेनिसिलीन मिळालं असतं तर झाली नसती. शहरातल्या पोरांच्या झडपा आता असल्या तापाने सहसा बिघडत नाहीत, आमच्या डोंगरातल्या पोरांच्या बिघडतात, आणि याचा कुणाला राग येत नाही याचाच मला राग येतो. मोठ्या शहरात तिला ऑपरेशनसाठी पाठवलं होतं. तिथे म्हणाले, आता उशीर झाला, गोळ्यांवरच सांभाळा. तेव्हा ती चाळिशीची असेल. अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. नवरा वारलेला. मुलगा गोमा आणि सून ऊसतोडीला गुजरातेत जात. ही मागे राहून घर, शेळ्या आणि आंब्याची झाडं सांभाळायची. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, खडकावर वाळवून आमचूर करायची आणि बाजारी नेऊन विकायची.

दर उन्हाळ्यात ती आमच्याकडे बसलेली उचलून येई. पाय फुगलेले, ओठ निळे. आम्ही पाणी काढायचो, ती घोरायची, घरी जायची. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. प्रत्येकाने आपापला चोर ठरवलेला. आमचे अधीक्षक सर म्हणायचे, ही मंडळी भगताकडे जातात आणि औषधं टाकून देतात. वळवी सिस्टरना संशय सुकटीचा, कारण खारवलेल्या मासळीचं मीठ पाणी धरून ठेवतं. माझा संशय बाजारातल्या बाटलीवाल्यावर. नवशिके डॉक्टर केसपेपरवर बिनदिक्कत लिहून मोकळे व्हायचे, "औषधं नियमित घेत नाही." आणि जमनीबाई प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, घेते ना गोळी.

एकदा तिला सुट्टी झाली त्याच दिवशी आमचं डोंगरात शिबिर होतं. गाडी तिकडेच जाणार होती, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. अक्कलकुवा मागे पडलं, घाट सुरू झाला. उकडत होतं. वळवी सिस्टरनी पाण्याची बाटली पुढे केली. मी नको म्हटलं. शिबिराच्या दिवशी आम्ही दोघी सकाळपासून पाणी पीत नसू. वर जिथे बसायचं तिथे बाईमाणसाला जायला जागा नसते, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की त्यावर कधी बोलणंही होत नसे. सिस्टरही नुसते ओठ ओले करून बाटलीला बूच लावत होत्या. जमनीबाई आमच्याकडे बघत होती. मग तिने मला अगदी मायेने विचारलं,

"बाई, तुमची बी गोळी आज नाय का?"

मला आधी कळलंच नाही. सिस्टरना कळलं. त्यांनी तिला तिच्या बोलीत विचारलं, ती सांगत गेली आणि सिस्टर मला मराठीत सांगत गेल्या. प्रवासाच्या दिवशी ती लघवीची गोळी घेत नव्हती. जीपमध्ये बायका आत कोंबलेल्या, बापये टपावर. बापयांना हुक्की आली की जीप थांबते, ते वळणावर पाठ फिरवून उभे राहतात आणि काम होतं. बाईने कुणाला काय सांगायचं? घाटात एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी, आडोसा कुठून आणायचा? बाजाराच्या दिवशीही गोळी नाही. आमचुराचा ढीग मांडून बसलं की उठता येत नाही, उठलीच तर जायचं कुठे हा प्रश्न उरतोच. आणि गोळीचा जोर दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो असं तिला वाटायचं, म्हणून आदल्या दिवशीही नाही. आंब्याच्या हंगामात एक बाजार इथे, एक तिथे. म्हणजे अर्ध्याहून जास्त आठवडा गोळीविना जात होता. आणि आमच्याकडे तपासायला यायचं म्हणजे प्रवास आलाच. आम्ही तिला ओपीडीत तपासलं तो प्रत्येक दिवस बिनगोळीचा होता.

मग ती खोटं बोलत होती का? अजिबात नाही. घरी असली की ती न चुकता गोळी घ्यायची. घरी रान तिचं होतं. आम्ही विचारत होतो, गोळी घेतेस का, आणि ती म्हणत होती, घेते. मुतायला कुठे जातेस, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या जाड पुस्तकांत गोळी मूत्रपिंडाच्या कुठल्या नळीवर कसं काम करते याची पानंच्या पानं आहेत. ते मूत्र बाईने पुढे न्यायचं कुठे, यावर एक ओळ नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरात दार लावून घेता येतं, त्यांना ते सुचणार कसं?

पण सगळ्यात संताप आला तो उपाय किती साधा होता याचा. ही गोळी सकाळीच घ्यायला हवी असं मुळीच नाही. सकाळी देतात ती रात्री झोपमोड होऊ नये म्हणून. आमच्या औषधाच्या खिडकीवर वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर उगवता सूर्य काढून देतात. जमनीबाईने तो सूर्य शब्दशः मानलेला. उगवतीची वेळ गेली की त्या दिवसाची गोळी गेली. मी गाडीतच तिला सांगितलं, ज्या दिवशी बाजार असेल, प्रवास असेल, त्या दिवशी घरी पोचल्यावर, उन्हं कलली की घे. घरी रान आहे ना? तर घरी घे. तिने सिस्टरना दोनदा विचारून घेतलं, असं चालतं का म्हणून. मग खिडकीतून बाहेर बघत बराच वेळ हसत राहिली.

तो उन्हाळा ती आली नाही. म्हणजे उचलून आली नाही, चालत आली. पाय कोरडे, दम नाही. फडक्यात बांधून माझ्यासाठी आमचूर आणलं. पुढचा उन्हाळाही तसाच गेला. मी वॉर्डातल्या प्रत्येक बाईला विचारू लागले, बाजार कधी, प्रवास कधी, जायला जागा कुठे. तरुण डॉक्टर एकमेकांकडे बघून हसायचे. मी त्यांनाही विचारायला लावलं. काहींनी विचारलं, काहींनी मी बघते आहे तोवर विचारलं.

इथेच थांबले असते तर हा एक गोड लेख झाला असता. पण जमनीबाईचं बरं होणं अधीक्षक सरांच्या कानावर गेलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कार्यक्रम फार आवडायचे. हृदयरोगावर जनजागृतीचा मोठा कार्यक्रम ठरला. बाहेरून मोठे पाहुणे येणार होते. सर मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या जमनीबाईंचा स्टेजवर सत्कार करू. एक दिवस खाडा न करता औषध घेणारी आदर्श पेशंट. बाकीच्यांना प्रेरणा मिळेल."

मी सांगितलं, खाडा का पडत होता तेही स्टेजवरून सांगा. ते म्हणाले, सांगू की. मी आणखी एक गोष्ट बजावली. तिला त्याच दिवशी सकाळी गाडी पाठवून आणा आणि दुपारी घरी सोडा. तेही ते हो म्हणाले. माझ्यासमोर त्यांनी कुणाला तरी फोनही केला.

पाहुण्यांच्या स्वागताला डोंगरातल्या बायकांचं नृत्य ठेवलं होतं. त्या बायकांना आणायला गाडी आदल्या दिवशी जाणार होती. एकाच वाटेवर दोन फेऱ्या कशाला, म्हणून कुणीतरी जमनीबाईलाही त्याच गाडीत बसवलं. मला कुणी कळवलं नाही. सगळ्यांना एका शाळेच्या खोलीत उतरवलं, तिथेही बायकांना जायला जागा नव्हती. मुक्कामाला जेवणात पापड, लोणचं, शेव. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना नटवून सभागृहात नेऊन बसवलं. ते सभागृह एका संस्थेचं, नवंकोरं. मागच्या बाजूला फरशा लावलेलं स्वच्छतागृह, त्यावर 'महिला' अशी रंगवलेली पाटी, आणि पाटीखाली कुलूप. बायकांनी राखणदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाहुण्यांसाठी ठेवलंय, तुम्ही घाण कराल. हे सगळं मला त्या बायकांनीच नंतर सांगितलं.

पाहुण्यांना उशीर झाला. मी वॉर्डातली कामं उरकून सभागृहात पोचले तेव्हा दुपार कलत आली होती आणि कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. मी मागच्या रांगेत बसले. एक वक्ते सांगत होते की आपल्या आदिवासी भगिनींमध्ये अंधश्रद्धा आहे, औषधांचं महत्त्व त्यांना पटत नाही, म्हणून जनजागृतीची गरज आहे. मग निवेदिकेने जमनीबाईचं नाव घेतलं आणि सांगितलं की या माउलीने एक दिवसही औषध चुकवलं नाही. टाळ्या झाल्या. खाडा का पडत होता, हे कुणी सांगितलं नाही. जमनीबाईला धरून उभं केलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. फोटोवाल्याने तिला इकडे बघा म्हटलं.

तिने बघितलं नाही. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले. नारळ घरंगळत पाहुण्यांच्या पायाशी गेला, आणि ते हसले. मी उठून पळत स्टेजवर चढले. सरांना वाटलं मला फोटोत यायचंय. त्यांनी सरकून जागा केली.

शालीखाली तिचे पाय हंड्यासारखे फुगले होते. श्वासाबरोबर घशात खुळखुळ वाजत होतं. आम्ही तिला खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. रुग्णवाहिकेत मी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. वळवी सिस्टर तिच्याशी बोलत होत्या. तिला शब्द जड जात होते, एक एक करून येत होते. मी विचारलं, जमनी, गोळी कधी घेतलीस? तिने मान हलवली. काल नाही. आज नाही. परवाही नाही, कारण काल गाडी होती आणि गोळीचा जोर उरेल ही जुनी भीती पुन्हा जागी झाली होती. मी विचारलं, अगं, कोणाला सांगितलं का नाहीस? मला निरोप का दिला नाहीस?

ती म्हणाली, "गोळी घेतली असती तर मधीच उठायला लागलं असतं. तुमचा मान गेला असता बाई."



वॉर्डात खाट डोक्याकडून उंच केली, मास्क बांधला, नळी घातली, पिशवी लावली. इंजेक्शनचा डोस वाढवला, पुन्हा वाढवला. या वेळी उशीर फार झाला होता. इतकं पाणी चढलं, रक्तदाब इतका उतरला की मूत्रपिंडांनी काम सोडलं. पिशवी भरेना. मी माझ्या हाताने नळी तपासली, कुठे दुमडली आहे का, कुठे अडकली आहे का. नळी ठीक होती. मोठ्या रुग्णालयात हलवायची तयारी केली, पण हलवण्याच्या स्थितीत ती नव्हती. निरोप मिळाल्यावर गोमा गुजरातेतून निघाला, तो पोचला तेव्हा ती त्याला ओळखत होती. त्याने आईच्या उशाची शाल बघून विचारलं, ही कुणी दिली? वळवी सिस्टर म्हणाल्या, तुझ्या आईचा सत्कार झाला. त्याने विचारलं, कशाबद्दल?  मी सांगितलं, गोळ्या वेळेवर घेतल्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमनीबाई गेली. पिशवीच्या तळाशी थोडंसं काळपट साचलं होतं, तेवढंच.

अधीक्षक सर भेटायला आले. मॅडम, आजारच पुढे गेलेला होता, मनाला लावून घेऊ नका, म्हणाले. आजार पुढे गेलेला होताच. पण त्या आजारासकट ती दोन उन्हाळे आमचूर विकत होती, डोंगर चढत होती, हसत होती. तिला मारलं ते आजाराने एकट्याने नाही, हे मी सरांना तोंडावर सांगितलं. कुलपाचंही सांगितलं. ते म्हणाले, संस्थेला कळवतो. त्यांनी कळवलंही असेल. तिला कुणी आदल्या दिवशी आणलं, कुणी कुलूप लावलं, कुणी पाहुण्यांना उशिरा आणलं, यातला एकही माणूस वाईट नव्हता. प्रत्येकाने आपापलं काम केलं. फक्त खुर्चीवर बसवलेल्या बाईला शरीर आहे, हे त्यांच्यापैकी कुणाच्या कामात मोडत नव्हतं.

नंतर मी काही गप्प बसले नाही. अर्ज केले, बैठकांत बोलले. बैठकीत मुतारी हा शब्द उच्चारला की मंडळी चहाच्या कपात बघायची. एकाने मला बाजूला घेऊन सुचवलं की मॅडम, जरा सभ्य शब्द वापरा. मी विचारलं, सभ्य शब्द वापरला तर दार उघडेल का? आपण पेशंटला अडाणी म्हणतो, हट्टी म्हणतो, औषधं न घेणारा म्हणतो. त्या बाईने तीन दिवस पाण्याने तुंबत जाऊन आपला मान राखला आणि आपण तिच्यासाठी एक कुलूप काढू शकलो नाही. यातलं अडाणी कोण?

माझ्या निवृत्तीचा समारंभ ठरला तो त्याच सभागृहात. मी नको म्हटलं. सहकाऱ्यांनी आग्रह केला, वळवी सिस्टर मात्र म्हणाल्या, मॅडम, जाऊया. मग मी गेले. स्वागताला पुन्हा डोंगरातल्या बायका नटून आलेल्या, समोर जमिनीवर बसवलेल्या. मागे पाटी तीच, कुलूप तेच. मला शाल पांघरली, नारळ दिला. भाषणं झाली. मी किती कर्तव्यदक्ष आहे हे मला कळलं. मग मला दोन शब्द बोलायला उभं केलं. कागदावर लिहून आणलेलं भाषण मी पर्समध्येच ठेवलं आणि माईकवरून म्हटलं,

"बोलण्याआधी मला लघवीला जायचंय. दार उघडा."

 व्यासपीठावरचे साहेब फुलदाणीकडे बघू लागले. मग कुणीतरी राखणदाराला हाक मारली, तो चावी घेऊन पळाला, कुलूप निघालं. मी सावकाश स्टेजवरून उतरले, मागे गेले, माझं काम केलं, हात धुतले आणि दार तसंच सताड उघडं ठेवून परत आले. चावी मात्र राखणदाराकडून मागून घेतली होती. माईकवरून मी बायकांना विचारलं, आणखी कुणाला जायचंय? वळवी सिस्टरनी तेच त्यांच्या बोलीत विचारलं. आधी सगळ्या एकमेकींकडे बघून पदरात तोंड लपवून हसल्या. मग सिस्टर स्वतः उठल्या आणि दाराकडे चालू लागल्या. त्यांच्यामागून नृत्याच्या पथकातली एक वयस्क बाई उठली, मग तिच्या शेजारची, मग ओळच्या ओळ. चांदीचे दागिने वाजत होते. पाठीमागच्या खुर्च्यांवरच्या शिक्षिका उठल्या, आमच्या नर्सेस उठल्या. सूत्रसंचालन करणारी पोरगीही हातातला कागद टेबलावर ठेवून रांगेत जाऊन उभी राहिली.

एक साहेब घड्याळाकडे बोट दाखवून मला म्हणाले, मॅडम, तोपर्यंत तुम्ही बोला ना. मी म्हटलं, शेवटची बाई परत येऊन बसल्याशिवाय मी बोलणार नाही.

मग आम्ही सगळे, पाहुण्यांसकट, वाट बघत बसलो.